तळ नसलेलं माप

मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. बुधवारची गोष्ट. गोडदेवची शाळा, तिसरीचा वर्ग, सकाळचे साडेदहा-अकरा, आणि सुगंधाने शालनच्या तळहातावर फूटपट्टी मारली. एकदाच. आणि मारायची असं ठरवून पण नाही, मनात काहीच नव्हतं, हात वर गेला आणि खाली आला, बस. नोकरीला लागून आठ महिने झाले होते तिला, आणि आठ महिन्यांत त्या पट्टीने तिने फळ्यावर रेघांशिवाय काही मारलं नव्हतं. आणि आवाज जो आला ना, तो हातावर मारल्याचा वाटलाच नाही. लाकडावर लाकूड आपटावं तसा. कारण शालनचा तळहात आठ वर्षांच्या पोरीचा नव्हता, घट्टे पडलेला होता, बोटांच्या पेरांत मिठाने बारीक चिरा गेलेल्या, पांढऱ्या. सुगंधाला वाटलं पोरगी रडेल, हात मागे घेईल, फ्रॉकला पुसेल. पोरीने हात तसाच धरून ठेवला. बाईंकडे बघितलं. आणि परत म्हणाली, "चार."

आता हे चार म्हणजे काय, ते सांगते. यंदापासून गणितात नवीन आलंय ना सगळं, सपाट आकार, भरीव आकार, कडा किती, कोपरे किती, पृष्ठं किती. जुन्या मास्तरांना ते नकोच होतं. शाळेत शिक्षक दोनच, सुगंधा आणि हेडमास्तर बाबाजी गुरुजी, आणि गुरुजींनी पहिल्याच दिवशी ते पुस्तक तिच्याकडे सरकवलं होतं, की बाई, तुम्ही ताज्या ट्रेनिंगच्या, हे तुम्हीच करा. आणि तिला ते मनापासून आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. मामाच्या चाळीत, स्टेशनजवळ, एकाच खोलीत पाच माणसं, त्यात रविवारची दुपार धरून तिने पुठ्ठे कापले, खळ लावली, वरून पतंगी कागद चिकटवला. लाल घन, हिरवी इष्टिकाचिती, पिवळा शंकू, निळा दंडगोल. सुलूमामी म्हणाली, काय गो, गौरीची आरास करतेस की काय फेब्रुवारीत. पण मामीनेच मग उरलेल्या खळीत बोट बुडवून शंकूचं टोक चिकटवून दिलं, ते कशानेच चिकटत नव्हतं. ते चारही आकार टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीने पोर न्यावं तसे छातीशी धरून ती शाळेत घेऊन गेली. इष्टिकाचिती म्हणताना पोरांची बोबडी वळायची, म्हणून तिने सांगून टाकलं, खोका म्हणा. सपाट आकार उचलता येत नाही, भरीव येतो, असं तिने सांगितलं, तर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, बाई, चौकोनी कागद तर उचलता येतो की. त्या दिवशी ती हसली होती. ते लक्षात ठेव, त्या दिवशी ती हसली होती.

आणि बुधवारी तिने विचारलं, घरातली खोक्यासारखी वस्तू सांगा आणि तिला पृष्ठं किती ते मोजून सांगा. वर्गात एक्केचाळीस पोरं, बहुतेक स्टेशनकडच्या नव्या चाळींतली, कुणाचा बाप रेल्वेत, कुणाचा लेथवर, एक किराणावाल्याचा गुजराती मुलगा, आणि गावातली मोजून सात-आठ. ट्रंक झाली, काडेपेटी झाली, रेडिओ झाला, सगळ्यांना सहा-सहा पृष्ठं. मग शालन उभी राहिली. शालन म्हणजे धर्माजींची नात. धर्माजी म्हणजे खाडीकडच्या मिठागरांपैकी निम्मी ज्यांची, आणि शाळा भरते ती खोलीही ज्यांची. पूर्वी तिथे मिठाच्या गोणी रचायचे, अजून भिंतींना लोणा लागलेला, खडू ओला व्हायचा, बाकावर हात ठेवून मग तो जिभेला लावला तर खारट. शालन म्हणाली, आमचं मिठाचं माप. सुगंधा म्हणाली, छान, मोज. आणि पोरगी हवेत बोट फिरवत मोजायला लागली, "लाभ, दोन, तीन, चार." वर्ग खदखदून हसला. एकच्या जागी लाभ. सुगंधाला तेही कळलं नाही, तिला वाटलं पोरगी वर्गाला हसवतेय. ती म्हणाली, खोका आहे ना, मग सहा होणार. शालन म्हणाली, न्हाय, चार. बरं, वरती झाकण नसेल, तर पाच. न्हाय, चार. अगं तळ तरी असेल ना? तळ न्हाय. तळ नाही तर मीठ सांडेल ना सगळं? "सांडतंच," शालन म्हणाली, अगदी शांतपणे, जसं काय बाईच लहान आहेत. वर्ग परत हसला. आणि सुगंधाला वाटलं, हे हसू आपल्याला आहे. तिने तो लाल घन पोरीच्या हातात कोंबला, मोज म्हणाली, पोरीने मोजला, म्हणाली, याला सहा. मग? "पण मापाला चार." तेव्हा सुगंधा म्हणाली की तसलं माप जगात नसतं, खोटं बोलू नकोस. आणि पट्टी. आणि परत, चार.

दुपारी शाळा सुटल्यावर बांधावरून चालताना तिच्या कानात तो आवाजच होता. उजव्या हाताला आगरं पसरलेली, चौकोनाला चौकोन लागून, पाण्याची चकाकी डोळ्यांत जाणारी, आणि मध्ये मिठाच्या राशी, पांढऱ्या, टोकदार, तिच्या पिवळ्या शंकूपेक्षा किती तरी नीट. रोज ती हे बघत जायची आणि मनात म्हणायची, बघ, सगळं पुस्तकात आहे. आज तिला ते आकार नको झाले. तिने स्वतःला समजावलं, एकच तर मारली, बाबाजी गुरुजी तर छडी मोडेपर्यंत मारतात. पोरगी हट्टी आहे. पैसेवाल्यांची आहे, माज असणारच. हे माजाचं मनात आलं आणि तिला जरा बरं वाटलं, दहा पावलं बरं वाटलं, आणि मग तो चिरा पडलेला हात आठवला. माज असलेल्या पोरीचा हात असा असतो होय? घरी मामीने भात वाढला, विचारलं, गप का गो, कुणी काय बोललं काय. ती म्हणाली, काही नाही, डोकं दुखतंय. भातात मीठ कमी होतं. मामीने बरणी पुढे सरकवली, आणि सुगंधाने मीठ न घेताच भात संपवला.

आणि तेव्हा तिला ती चौकट आठवली. म्हणजे विसरली कधी नव्हतीच, पण अशी समोर येऊन उभी राहिली नव्हती बऱ्याच वर्षांत. तिचे वडील राघो मेस्त्री, रत्नागिरीकडे, सुतारकाम. अंगणात पडवी, पडवीत रंधा, फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा, आणि सुगंधा त्या भुशातच वाढलेली. बाप तिला सांगायचा, कोपरा डोळ्याला कळत नाही, हाताला कळतो. डोळे मीट, दोन्ही फळ्यांच्या मध्ये हात घाल, काटकोन असला तर हात शांत बसतो, नसला तर बसत नाही. ती सात वर्षांची असेल. कुणाच्या तरी नव्या घराची दाराची चौकट तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवलेली, गिऱ्हाईक बघायला आलेलं, मोठा माणूस, पांढरी टोपी, आई चहा ठेवत होती. आणि ही पोर चौकटीच्या कोपऱ्यात हात घालून म्हणाली, बाबा, ही गुण्यात नाही. गुण्या म्हणजे तो लोखंडी काटकोन, सुताराचा. बाप म्हणाला, गप. ती म्हणाली, हात बसत नाही बाबा. आणि गिऱ्हाइकासमोर बापाने तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच. ती माजघरात जाऊन कणगीमागे बसली, आणि तिन्हीसांजेला तिने फटीतून बघितलं, बाप एकटा, गिऱ्हाईक गेलेलं, त्याने गुण्या घेतला, कोपऱ्याला लावला, वाकून बघितलं. बराच वेळ वाकून राहिला. एक सूत बाहेर होती चौकट. मग त्याने खुंट्या काढल्या, कोपरा सोडवला, तासला, परत बसवला, आणि हात धुऊन जेवायला आला. जेवताना तिच्या ताटात त्याने स्वतःच्या वाटणीचा मासळीचा तुकडा ठेवला. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या वर्षी नाही. ती वाट बघत राहिली, किती तर, मॅट्रिक होईपर्यंत तिला वाटायचं, आज म्हणेल, की पोरी, तुझं बरोबर होतं तेव्हा. गेल्या दिवाळीत तो गेला. दम्याने. शेवटी हातात हात धरला होता तिचा, आणि ती तेव्हासुद्धा, मरणाऱ्या बापाजवळ बसून, त्या चौकटीची वाट बघत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. असं काही सांगायचं असतं हे पण तिला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी शालन आली नाही. हजेरी घेताना सुगंधाने तिचं नाव दोनदा पुकारलं, दुसऱ्यांदा जरा हळू, आणि शुक्रवारी परत नाही. आता तू म्हणशील, दोन दिवस पोरगी नाही आली तर काय एवढं. पण गावात पोरींचं तसंच असतं, एकदा राहिली की राहिली, आधीच घरात म्हाताऱ्या बायका म्हणत असतात, तिसरी झाली, पुरे झालं. आणि बाबाजी गुरुजींनी बाकीचं सांगून टाकलं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, धर्माजींच्या नातीला हात लावलात म्हणे. ती हो म्हणाली. गुरुजी वाईट माणूस नाही हं, उलट घाबरट, कोटाची गुंडी सारखी लावायची आणि काढायची सवय. त्यांनी हिशेब मांडला, की तुमची नेमणूक एप्रिलअखेरपर्यंत, कायम करायचा कागद अजून तालुक्याला पडून आहे, खोली धर्माजींची, म्हातारा तिकडे नुसता एक शब्द बोलला तरी तुम्ही कुठे आणि मी कुठे. बरं आता म्हणून तुम्ही त्यांच्या घरी जाऊ नका, असंही म्हणाले, माफी-बिफी काही नको. "चूक झाली असली तरी वर्गात कबूल करायची नसते, बाई. पोरं डोक्यावर बसतात. दुसऱ्या दिवशी बरोबर उत्तर सांगायचं आणि पुढे जायचं. सव्वीस वर्षं मी तेच करतोय." सुगंधाला वाटलं, हे तर आपले बाबाच बोलतायत. चौकट मुकाट्याने तासायची आणि मासळीचा तुकडा पुढे करायचा.

पण चूक झाली होती की नव्हती, हेच तिला अजून माहीत नव्हतं ना. म्हणून सुट्टी संपल्यावर तिने वर्गात विचारलंच, मिठागरातलं माप कुणी बघितलंय? कुणी बोलेना. मग तिने पट्टी टेबलाच्या खणात ठेवली आणि परत विचारलं. तर दुसऱ्या रांगेतली मंदा, धर्माजींच्याच शेजारची, शेंबडी, कधी तोंड न उघडणारी, ती म्हणाली, मी बगलाय. कसं असतं? चार फळ्या. वर न्हाय, खाली न्हाय. भुईवर ठेवतात, मीठ भरतात, आणि उचलतात, मीठ भुईवरच ऱ्हातं, ते एक माप. मग परत ठेवायचं शेजारी. तळ असता तर उचलणार कोण ते, केवढं जड होईल. सुगंधाने विचारलं, मग बुधवारी बोलली का नाहीस गं? मंदा म्हणाली, "तुमच्या हातात पट्टी व्हती."

त्यानंतरचा तास सुगंधाने काय शिकवलं तिला आठवत नाही. कविता असावी, कारण पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. ती भिंतीकडे बघत होती, लोणा लागून पोपडे सुटलेले, एक पोपडा अगदी सुटायला आलेला आणि सुटत नाही असा. एवढं साधं. एवढं साधं कसं सुचलं नाही? सुताराची पोर मी, चार फळ्या जोडल्या की चौकट होते हे मला कुणी शिकवायला हवं? पण तिच्या डोळ्यांसमोर पुठ्ठाच होता, लाल, सहा बाजूंचा, स्वतः चिकटवलेला. आणि पोरीला खोटं बोलतेस म्हणून मारलं. हट्टी म्हणून नाही, चुकली म्हणून नाही, खोटं बोलतेस म्हणून. शनिवारी शाळा सुटली की धर्माजींच्या घरी जायचं, असं तिने ठरवलं, गुरुजी काही म्हणू देत. काय बोलायचं ते मनात घोळवत राहिली ती, घरी जाताना, स्टोव्ह पेटवताना, मामीच्या पोराची वेणी घालून देताना, त्याला वेणी नव्हती तरी, बहिणीची समजून. मामीने हात धरून थांबवलं, म्हणाली, बाय माझे, कुठे आहेस तू.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली, पोरं बसली, आणि खिडकीतून तिला दिसलं की बांधावरून माणसं येतायत. पुढे धर्माजी, डोक्याला तांबडं फडकं, काठी नाही, म्हातारा ताठ. मागे चौघे जण मोठं काहीतरी उचलून आणतायत, खांद्यावर नाही, हातांत, दोघे इकडून, दोघे तिकडून, आणि त्यांच्या मागे आणखी दोघे, पाठीवर गोणी.  तिला वाटलं, खोली परत घ्यायला आले. बाकं बाहेर काढायला आले. तिला, खरंच सांगते, पहिला विचार आला तो त्या चार आकारांचा, की ते टॉवेलात गुंडाळून आधी बाहेर न्यावेत, तुडवले जातील. गुरुजी कोटाची गुंडी लावत धावत अंगणात गेले. पोरं खिडकीशी. ती जागची हलली नाही, टेबलाची कड धरून उभी राहिली, आणि कडेखाली तिचा हात आपोआप कोपऱ्यात गेला, आणि तिला जाणवलं की हे टेबलही गुण्यात नाहीये, आठ महिने कळलं नव्हतं.

मग तिला शालन दिसली. त्या चौघांच्या मागून, धुतलेला फ्रॉक, दप्तर पाठीला, केसांना तेल. शाळेत येणाऱ्या पोरीसारखी.

सुगंधा बाहेर आली. धर्माजी गुरुजींना सांगत होता की भांडाया न्हाय आलो, घाबरू नका. आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "बाई, ही पोर तीन दिस झाले डोका खाते. बाईंना माप दाखवा, बाईंना माप दाखवा. आता खाडीत मचवा लागलेला, माप मी देऊ कुठशी? काल सांजचा भरून गेला मचवा. मंग आनला." सुगंधाला वाटलं आपण नीट ऐकत नाही आहोत. तिने विचारलं, म्हणजे ती शाळेत म्हणून नाही आली? तर म्हातारा म्हणाला, कशी येईल, हात हलवीत? मापाबिगर येनार न्हाय म्हनाली. आगरावरच बसली व्हती, माप कवा रिकामा होते ते बगत. तीन दिवस, कळलं का तुला? इकडे ही बया भात खाऊ शकत नव्हती, एप्रिलची नेमणूक, तालुका, म्हातारा, आणि तिकडे ती आठ वर्षांची पोर बांधावर बसून मीठ न्यायला आलेला मचवा कधी सुटतो त्याची वाट बघत होती. रुसून नाही. घाबरून नाही. पुरावा मोकळा नव्हता म्हणून. सुगंधाच्या छातीतून असा श्वास सुटला ना, की गुरुजींनी मान वळवून बघितलं. माराचं तर पोरीने घरात सांगितलंच नव्हतं, ते धर्माजीला मंदाच्या आईकडून समजलं. "मारला त्याचा काय न्हाय," तो म्हणाला, "आमी बी मार खाल्लाय मास्तरांचा. पन मापाला खोटा बोललेला आमच्यात चालत न्हाय, बाई. मापावर सगला चालतो आमचा."

चौघांनी अंगणात गोणपाट अंथरलं आणि वर माप ठेवलं. चार फळ्या. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या गंजून मिठासारख्याच खरखरीत झालेल्या, दोन बाजूंना दांडे. आत खाली बघितलं तर गोणपाट, वर बघितलं तर आभाळ. पोरं अंगणात धावली, कुणी सोडली तिलाही माहीत नाही. सुगंधा वाकली आणि तिने मापाच्या आतल्या कोपऱ्यात हात घातला, डोळे मिटून. हात शांत बसला. चारही कोपऱ्यांत बसला. कुणी केलं हे, तिने विचारलं. धर्माजी म्हणाला, माझ्या बानी. मग गोणी ओतल्या, जाड मीठ, ओलसर, वरून फळी फिरवून सारखं केलं, आणि धर्माजीने शालनच्या डोक्यावर हात ठेवला. शालन म्हणाली, "लाभ." आणि चौघांनी माप उचललं. कळलं मग तिला, ते पहिलं माप, त्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, पोरगी मोजत होती ती घरच्या रिवाजाने मोजत होती. आणि मीठ, ऐक, मीठ एक क्षण तसंच उभं राहिलं. माप वर गेलेलं, आणि खाली मिठाचीच इष्टिकाचिती, सरळ कडा, आठ कोपरे, सहाच्या सहा पृष्ठं. मग एक कोपरा सुटला. मग दुसरा. मग सगळंच सरसरत खाली आलं, कुणी न ढकलता, आणि त्याची रास झाली, आणि तो किराणावाल्याचा गुजराती मुलगा ओरडला, बाई, शंकू. तिचा पुठ्ठ्याचा शंकू त्याला दोन आठवडे समजला नव्हता. सुगंधाला तिथेच खाली बसावंसं वाटलं, त्या राशीसारखं, आठ महिन्यांचे कोपरे सोडून.

आणि इथे खरं तर झालं होतं ना सगळं. मिटलं होतं. धर्माजी हसत म्हणाला की तुमाना कसा म्हाईत असनार, तुमी कोकनातल्या, तिकडे आगरा थोडीच हायेत. शालन शाळेत आली होती. गुरुजी सुटकेचा घाम पुसत म्हणाले, चला बाई, मुलांना आत घ्या, उशीर होतोय. कुणी तिच्याकडे काही मागत नव्हतं. तिने पोरांना आत घेतलं असतं, सोमवारी फळ्यावर लिहिलं असतं, तळ व झाकण नसलेला खोका, पृष्ठे चार, शालनच्या वहीत लाल शाईने छान असा शेरा दिला असता, एखादी गोळी दिली असती. मासळीचा तुकडा. पोरगी तिच्यासमोर उभी होती, हात मागे बांधून, आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नव्हता, आनंद पण नव्हता, नुसती बघत होती. आणि सुगंधाला ते बघणं ओळखीचं होतं. फटीतून बघणं ते. बाप वाकून गुण्या लावतोय, आणि आता उठेल, आता इकडे वळेल, आता म्हणेल.

सुगंधा म्हणाली, "शालन, तुझं बरोबर होतं. खोटं तू नाही बोललीस. मी चुकले, आणि मारलं तेही चुकलं." मोठ्याने म्हणाली, एक्केचाळीस पोरं, आठ मोठी माणसं, सगळ्यांना जाईल असं. गुरुजींनी डोळे मिटले. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग गप्प झालं. शालनला काय करावं ते कळेना, तिने आजाकडे बघितलं, मंदाकडे बघितलं, मग फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि बंद मूठ बाईंच्या हातावर उघडली. मिठाचा एक खडा, बोराएवढा, चौकोनी, आरपार दिसणारा. म्हणाली, "याला सहा हायेत. मोजा." आणि सुगंधाने मोजले. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. पोरं हसली परत, पण या खेपेला ते हसू तिला टोचलं नाही. 

गुरुजींनी शाळा सुटल्यावर एवढंच म्हटलं की बाई, आज तुम्ही वर्ग घालवलात. आणि बघ, सोमवारपासून खरंच पोरं ऐकत नाहीत. प्रत्येक गोष्टीला हात वर, बाई, हे असं नसतं, बाई, आमच्याकडे तसं असतं. फुटकी कंदिलाची काच काय, बिनबुडाची टोपली काय, टायरची ट्यूब आणली एकाने, याला कडा किती सांगा. बोंबाबोंब नुसती. एप्रिलनंतरच्या नेमणुकीचं पत्र अजून आलेलं नाही, गुरुजी गुंडी लावतात आणि काढतात. आणि ही घरी येऊन दोन वेळा भात घेते, मामीला सांगते आज कोण काय म्हणालं, आणि खडा तो खिडकीत ठेवलाय, हवेने जरा विरघळलाय, कोपरे गोल व्हायला लागलेत, तरी मोजते रोज. मी तिला म्हटलं, अगं, सगळं आपोआप मिटलं होतं, कुणी मागितलं नव्हतं, काय गरज होती? तर म्हणाली, होती. आता तू सांग. पोरगी परत आलेली, म्हातारा हसतोय, गुरुजी दार उघडून उभे, नोकरी हातातोंडाशी आलेली, आणि एक शब्द बोलायची गरज नाही. तू काय केलं असतंस?